गाडी चुकली की ताण कुठे असतो? फलाटावर की डोक्यात?

खिडकीपाशी_बसणारी

गेल्या आठवड्यात ऑफिसात ताणतणावावर कार्यशाळा झाली. दोन तास, प्रोजेक्टर, शेवटी सामोसा आणि चहा. सांगायला आलेल्या बाईंचा मुद्दा एकच होता : ताण घटनेत नसतो, आपण तिच्याकडे कसं बघतो त्यात असतो. बघायची पद्धत बदला, निम्मा ताण तिथेच उतरेल. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होते, बाई, तुम्ही कधी डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडलीय का?

माझ्या ताणात सांगण्यासारखं मोठं काही नाही. घरात कुणी गंभीर आजारी नाही, कर्ज आहे ते सगळ्यांना असतं तेवढंच. पण सकाळी गॅसवर दोन कुकर, मुलगा दहावीत, सासूबाईंची गोळी जेवणाआधीची की नंतरची, गाडी, थंब मारायला पाच मिनिटं उशीर, आणि संध्याकाळी निघताना साहेबांचं 'जरा दोनच मिनिटं'. सुटं सुटं बघितलं तर एकही गोष्ट रडण्यासारखी नाही. पण रात्री जबडा दुखतो. दिवसभर दात आवळलेले असतात तुमचे, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

तर विचारायचं हे की हे 'बघण्यात बदल' प्रकरण कुणाला खरंच लागू पडलंय का? पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा. आणि पगार न वाढवता, माणसं न वाढवता आमच्याकडूनच सहन करून घ्यायची ही कंपन्यांची युक्ती आहे, असं अजून कुणाला वाटतं का? मला थोडं वाटतं.

सुपारी_फुटली

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहीन.

मिरचीचा_ठेचा

इथे लोकलची चर्चा चाललीय, रुमाल एसटीत टाका.

विषयाबद्दल : मी मागच्या वर्षी दृष्टिकोन बदलला. मला आता कशाचंच काही वाटत नाही. सगळा ताण बायकोला गेला.

धनुकली

ठेचा :D

ताई, जबड्याचं अगदी सेम. मी रात्री दातात घालायची ती प्लास्टिकची पट्टी वापरते. दृष्टिकोनापेक्षा स्वस्त पडली.

मनकवडा

मी समुपदेशक आहे, त्यामुळे माझं मत थोडं धंदेवाईक समजा.

कार्यशाळेत जे सांगितलं ते कुणी हवेतून काढलेलं नाही, फक्त अर्धवट सांगितलं गेलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास हा उपचार सुरू केला. मराठीत आपण त्याला विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणतो. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठी घरांमध्ये बरीच पोचवली. मांडणी सोपी आहे. घटना घडते, तिच्याबद्दल मनात एक समज तयार असतो, आणि भावना त्या समजातून येते. आपण मात्र घटनेवर बोट ठेवून मोकळे होतो.

गाडी चुकली. 'वेळेवर पोचले असते तर बरं झालं असतं' ही इच्छा. तिच्यातून चुटपुट येते, फार तर वैताग. 'मी वेळेवर पोचलंच पाहिजे, नाहीतर मी बेजबाबदार, आणि साहेब काय म्हणतील ते मला सहनच होणार नाही' हा हट्ट. त्यातून छातीत धडधड. गाडी दोघींचीही चुकलेलीच आहे. एलिसचं काम त्या हट्टावर आहे. 'सगळं छान चाललंय' असं स्वतःला सांगणं त्यात कुठेच बसत नाही. उलट तो म्हणतो, वाईट आहे ते वाईट म्हणा, फक्त 'आता संपलंच सगळं' म्हणू नका.

एलिसने स्वतः या विचाराचं श्रेय एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाला दिलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, जन्माने गुलाम.

शंकासुर

परिस्थिती बदलू नका, बघणं बदला, हे एका गुलामाला सुचलं यातच सगळं आलं. त्याच्या मालकाने कार्यशाळा ठेवली असणार.

मनकवडा

:) पुढे तो मुक्त झाला आणि त्याने स्वतःची शाळा काढली, हेही लिहा की.

आणि काय आपल्या हातात आहे आणि काय नाही ते आधी वेगळं करा, हा त्याचा पहिला धडा होता. हातातलं सोडून द्या, असं तो म्हणत नाही.

निफाडकर

शहरी लोकांचा धागा आहे, तरी लिहितो.

आमचा ताण कांदाचाळीत असतो, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये भरायचा आणि मग बसायचं भावाकडे बघत. पाऊस लागला, हवा दमट झाली की कांदा सडायला लागतो. चाळीशेजारून जाताना वास आला की पोटात गोळा येतो. वजन घटतं ते वेगळंच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती उठायला मे २०२४ उजाडला. या काळात बघायची पद्धत कितीही बदलली असती तरी क्विंटलमागे एक रुपया वाढला नसता. म्हणून असं कुणी सांगायला लागलं की माझं टाळकं सरकतं.

पण एक गोष्ट मी बदलली. आधी दिवसभर व्हॉट्सॲपवर लासलगावचा भाव बघायचो. सकाळचा लिलाव, दुपारचा लिलाव, मग पिंपळगावचा, मग मेव्हण्याचा फोन. भाव चढला की 'थांबू अजून', उतरला की 'कालच विकायला हवा होता'. दोन्हीकडून मार. आता चाळ भरतानाच मालाचे तीन भाग करतो आणि कुठला भाग कधी काढायचा ते कॅलेंडरवर लिहून टाकतो. त्या दिवशी भाव असेल तो असेल. कधी जास्त मिळतात, कधी कमी. पण रात्री झोप लागते. याला बघण्यातला बदल म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

खडू_फळा

निफाडकर दादा, सलाम. आमच्या कार्यशाळांपेक्षा हा परिच्छेद बरा.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे ताण मोबाईलमधून येतो. तीन ग्रुप, तिन्हीवर माहिती 'तात्काळ' हवी असते. वर्गात भागाकार चालू असताना फोन थरथरतो, मुलं म्हणतात, बाई, तुमची माहिती आली. वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशोब. या सगळ्याकडे प्रेमाने बघा म्हणणाऱ्याला मी एक दिवस माझ्या खुर्चीत बसवीन.

तरी एक सांगते. 'तात्काळ' लिहिलेल्या प्रत्येक मेसेजला आधी माझे हातपाय गार पडायचे. मग एका मोठ्या बाईंनी विचारलं, अगं, आजवर उशिरा माहिती दिली म्हणून कुणाला काय झालंय? आठवून बघितलं. फार तर ग्रुपवर नाव आलं, सोबत आणखी चाळीस नावं. तेव्हापासून मी मधल्या सुट्टीतच फोन उघडते. भागाकार पूर्ण होतो.

शंकासुर

इथेच माझा मुद्दा आहे. निफाडकरांनी विक्रीची पद्धत बदलली, खडूताईंनी फोन उघडायची वेळ बदलली. दोघांनी काहीतरी *केलं*. नुसतं वेगळं बघितलं नाही.

लंडनच्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाने मोठे अभ्यास झालेत. दुसरा १९८५ मध्ये सुरू झाला. कामावर स्वतःचं नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे मोठ्या साहेबापेक्षा त्याच्या हाताखालच्या कारकुनाची प्रकृती जास्त धोक्यात. त्या कारकुनाला दृष्टिकोन देऊन काय उपयोग? त्याला त्याच्या कामात थोडं ठरवू द्या.

सुपारी_फुटली

आलो.

शंकासुर, एवढं कोरडं नका बोलू. एक प्रसिद्ध भाषण आहे, २०१३चं, केली मॅकगोनिगल यांचं. ताण हानिकारक असतो असं मानणाऱ्यांना तो मारतो, न मानणाऱ्यांना मारत नाही! अमेरिकेत जवळपास तीस हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचा आधार आहे. मला तर ते ऐकून फार बरं वाटलं होतं. धडधड झाली की मी आता स्वतःला सांगतो, शरीर तयारी करतंय. प्रेझेंटेशनच्या आधी तर नक्कीच.

शंकासुर

बरं वाटलं यात आनंद आहे, पण तो अभ्यास एवढं बोलत नाही. १९९८ सालच्या सर्वेक्षणातली माणसं घेतली आणि पुढच्या आठ वर्षांत कोण वारलं ते बघितलं. खूप ताण असलेल्या *आणि* त्याने तब्येतीवर फार परिणाम होतो असं मानणाऱ्या गटात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. आता ज्याची तब्येत आधीच ढासळलीय तोच म्हणणार ना, की ताणाने माझी वाट लावलीय? मानण्यामुळे मेला, की मरायला टेकला होता म्हणून तसं मानत होता, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

प्रेझेंटेशनचं मात्र मान्य. २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना अनोळखी माणसांसमोर गाणं म्हणायला, भाषण करायला लावलं. आधी 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. कारण धडधड दोन्हीकडे तीच. धडधड शांत करणं कठीण, तिला दुसरं नाव देणं सोपं. पण हे पाच-दहा मिनिटांच्या परीक्षेला चालतं. रोज संध्याकाळी साहेबांनी थांबवलं की 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्या बाईला आपण काय म्हणू?

मिरचीचा_ठेचा

प्रमोशन द्या म्हणू.

खिडकीपाशी_बसणारी

हसू आलं आणि रागही आला.

मुलाची तोंडी परीक्षा आहे, तिथे हे उत्साहाचं वापरून बघते. आतापर्यंत आम्ही सगळे त्याला 'घाबरू नकोस, शांत हो' म्हणून आणखी घाबरवत होतो.

फोंड्याची_सुमती

मला एक सांगा, गोव्यातल्या माणसाला ताण असू शकतो हे कुणी मान्य का करत नाही? मुंबईचे पाहुणे आले की 'तुमचं काय बाई, सुशेगाद!' मी रोज पावसात स्कूटरवरून पणजीला जाते, रेनकोटच्या बाहीतून कोपरापर्यंत पाणी, पुढे टुरिस्टांच्या भाड्याच्या गाड्या. पण घरी येऊन तक्रार केली की नवरा म्हणतो, पलंगावर पड जरा. म्हणजे तुम्ही कसं बघता त्याच्याइतकंच बाकीचे तुमच्याकडे कसं बघतात त्याचाही ताण येतो.

आठ_सतराची_फास्ट

डोंबिवली वाचून राहवलं नाही. मी पंचवीस-तीस वर्षं हा प्रवास करून निवृत्त झालो. आमच्या ग्रुपमध्ये भजन असायचं, टाळ घेऊन. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जायची, वाटाणे सोलले जायचे, डोहाळजेवणंसुद्धा झालेली आहेत. आमच्या डब्यात ग्रुपसोबत मी मनाने घरी पोचलेला असायचो. एकट्याने उभं राहून तोच प्रवास केला की खांदे भरून यायचे. गर्दी तीच.

बाकी चौथ्या सीटवर बसणाऱ्याने दृष्टिकोन वगैरे बोलू नये. त्याचं अर्धं बूड हवेत असतं.

धनुकली

काका :)) आणि 'जरा सरका' म्हटल्यावर ऐकू न आल्यासारखं खिडकीबाहेर बघणाऱ्या बायका? त्यांना कसलाच ताण नसतो.

आठ_सतराची_फास्ट

असतो, असतो. सीट जाण्याचा. म्हणून तर निम्मे लोक कल्याणपर्यंत उलटे जाऊन बसून येतात. वीस मिनिटं जास्त, पण सव्वा तास बसून.

मिलपिटसचा_मिलिंद

इथला, अमेरिकेतला ताण वेगळ्या छापाचा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी धरा, व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर गाशा गुंडाळा. माझी गेली तेव्हा मुलगी पहिलीत, घराचं भाडं डोळे पांढरे करणारं. गावाकडून आईचा फोन, 'काळजी करू नको, सगळं चांगल्यासाठीच होतं.' त्या वाक्याने जेवढा चिडलो तेवढा नोकरी जाण्यानेही नव्हतो.

मला मदत झाली ती एका मित्राच्या प्रश्नाने. रिचर्ड लाझारस नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ही मांडणी आहे हे नंतर कळलं. संकट समोर आलं की मन दोन हिशोब करतं : यात माझं काय पणाला लागलंय, आणि मला यावर काय करता येईल? मित्राने दोन्ही कागदावर लिहायला लावलं. पहिल्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'सगळं'. तो म्हणाला, सगळं म्हणजे काय ते लिही. लिहायला बसलो तर निघालं असं : भाडं, मुलीची शाळा, आणि गावात लोक काय म्हणतील. तिसऱ्यासमोर पेन थांबलं. माझ्या रात्रीच्या जागरणांचा निम्मा भाग त्या तिसऱ्याचा होता. अर्ज त्यानंतरही तेवढेच केले, मुलाखतीही तेवढ्याच दिल्या. पण झोपून उठून दिल्या.

मनकवडा

मिलिंद, माझ्याकडे येणाऱ्यांना मी जे सांगायला बघतो ते तुम्ही लिहिलंत. 'सगळं' हा शब्द फोडला की ताणाचा आकार दिसतो.

शंकासुर यांच्यासाठी एक अभ्यास, त्यांना आवडेल असा. ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांचा, २०१३चा. ताण ज्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, त्यांच्यात वेगळ्या नजरेने बघण्यात तरबेज असलेल्यांना नैराश्याची लक्षणं कमी दिसली. पण ताण आवाक्यातला होता तिथे उलटं. तिथे हेच कौशल्य असलेल्यांत लक्षणं जास्त. अर्थ असा लावता येतो की जे बदलता आलं असतं, त्याच्यावर ते छान छान विचार करत बसले.

शंकासुर

आवडला. नोंदवून ठेवतो. पुढच्या कार्यशाळेत हात वर करून विचारणार.

रानभेंडी

वाचनमात्र सदस्य आहे, पहिल्यांदाच लिहितेय. रोजच्या ताणाची चर्चा आहे हे समजतं, पण कधीकधी तो रोजचा राहत नाही. माझ्या बहिणीला महिनोन्महिने झोप नव्हती, खाणं सुटलं होतं, आणि आम्ही सगळे तिला 'सकारात्मक बघ' सांगत होतो. ती पुढे म्हणाली, तुम्ही तसं म्हणालात की वाटायचं, हेही मला जमत नाही. औषधाने तिला उतार पडला, बोलणं त्यानंतर कानात शिरायला लागलं. डॉक्टरकडे जायला लाज वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

खडू_फळा

रानभेंडी, बरं झालं लिहिलंत. लिहीत राहा.

खिडकीपाशी_बसणारी

सगळ्यांचे आभार. मिलिंद यांचा कागदाचा प्रकार मी गाडीत, मोबाईलवर केला. (बसायला मिळालं. रिटर्न गेले होते, आठ_सतरा काकांची कृपा.)

गाडी, मेगाब्लॉक, पाऊस हे 'हातात नाही'च्या बाजूला गेलं. तिथे माझा हट्ट सापडला. उशीर झाला की 'घर आणि नोकरी हिला दोन्ही झेपत नाही असं सगळे म्हणतील' हे वाक्य डोक्यात वाजत असतं. प्रत्यक्षात ते मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. सासूबाईंनीही नाही, आणि त्या काही बोलायच्या राहत नाहीत. गाडीसाठी मनकवडा यांचं औषध चालेल असं दिसतंय.

पण साहेबांचं संध्याकाळचं थांबवणं 'हातात आहे'च्या बाजूला गेलं. ते मी वर्षभर 'जाऊ दे, त्यांच्याही डोक्याला ताप असतो' असं समजून घेत होते. भारी दृष्टिकोन! आणि रोज निघायची गाडी सोडत होते. परवा सांगितलं, 'सर, साडेसहाला मी बॅग भरते. त्याच्या आधी सांगितलंत तर आज होईल, नंतरचं सकाळी पहिलं करते.' बोलताना आवाज कापरा झाला. ते 'हं' म्हणाले. काल सव्वासहाला आले.

कंपन्यांच्या युक्तीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

शंकासुर

ते बदलूही नका.

धनुकली

ताई, जबडा?

खिडकीपाशी_बसणारी

दुखतो. तुझ्या त्या पट्टीची लिंक दे.

सुपारी_फुटली

निफाडकर, मघापासून विचारायचंय. कॅलेंडरवरच्या तारखेला माल काढला आणि दुसऱ्याच दिवशी भाव चढला, तर जीव जळत नाही?

निफाडकर

जळतो की. माणूस आहे. पण तो एक दिवस जळतो, आधी अख्खा पावसाळा जळायचा. परवाच दुसरा भाग काढला.

सुपारी_फुटली

मग? आज काय भाव चाललाय?

निफाडकर

मी बघितलेला नाही. तुम्हीही बघून इथे टाकू नका.